कागदावरचा आधार

अमेरिकेच्या आरोग्य व मानवसेवा खात्यातील महानिरीक्षकांच्या कार्यालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. तेथील शुश्रूषागृहांत राहणारे वृद्ध पडून त्यांना मोठी दुखापत झाली आणि इस्पितळात दाखल करावे लागले, अशा घटनांपैकी किती घटना त्या गृहांनी आपल्या दप्तरी नोंदवून सरकारला कळविल्या, याचा ताळा इस्पितळांच्या बिलांशी घालून पाहण्यात आला. निष्कर्ष असा निघाला की, अशा ४३ टक्के घटनांची नोंदच झालेली नव्हती. माणूस जायबंदी झाला, रुग्णवाहिका आली, इस्पितळात उपचार झाले, त्यांचे पैसे सरकारी विम्यातून चुकते झाले. परंतु ज्या घरात तो पडला, त्या घराच्या कागदांत मात्र तो पडलाच नाही! यापूर्वी २०२० साली शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी हाच ताळा घेतला होता, आणि जवळपास याच निष्कर्षाप्रत ते आले होते. तेव्हा ही कोणा एका वर्षाची किंवा चारदोन गृहांची हयगय नव्हे, ही रीतच होऊन बसली आहे असे म्हणावे लागते.

सातासमुद्रांपलीकडच्या या गोष्टीशी गोमंतकीय वाचकाचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यापूर्वी एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की डॉक्टरांचे थोड्या खाटांचे खाजगी इस्पितळ किंवा प्रसूतिगृह डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. ज्यांना स्वतःच्या बळावर उठणे, न्हाणे, जेवणे शक्य राहिलेले नाही, अशी माणसे जेथे महिनोन् महिने किंवा अखेरपर्यंत राहतात, ते हे शुश्रूषागृह. त्या देशात अशी सुमारे १५ हजार गृहे असून त्यांत १२ लाखांहून अधिक माणसे राहतात. यांपैकी जवळपास निम्मी माणसे वर्षाकाठी एकदा तरी पडतात, असा तेथील अंदाज आहे. आपल्याकडेही वृद्धाश्रमांची गरज वाढत आहे, आणि त्यांचे नियमन कसे करावे हा प्रश्न आपल्याही दारी उभा आहे. या वाटेवर जो देश आपल्यापूर्वी चाळीस वर्षे चालला, त्याला कोठे ठेच लागली हे पाहून घेण्यातच शहाणपण आहे.

पडणे हा वार्धक्याचा धर्मच होय, अशी आपली सर्वसाधारण समजूत. 'वय झाले, आता असे व्हायचेच' हे वाक्य घरोघर ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे पाहिले म्हणजे या उदासीनतेची किंमत कळते. जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे प्राणास मुकतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांखालोखाल पडण्याचा क्रम लागतो. यांतील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत, म्हणजे आपल्यासारख्यांच्या देशांत होतात, आणि जीवघेण्या पडण्याचा सर्वांत मोठा वाटा साठीपलीकडच्यांचा असतो. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी ढोबळ मानाने पाचांतील एक जण वर्षभरात दगावतो. जे वाचतात त्यांच्या मनात भीती घर करते. भीतीमुळे चालणे कमी होते, चालणे कमी झाले की पायांतील बळ ओसरते, आणि बळ ओसरले की पुन्हा पडण्याची वेळ येते. असे हे दुष्टचक्र आहे.

अमेरिकेतील शुश्रूषागृहांची स्थिती १९८० च्या दशकात इतकी शोचनीय होती की, तेथील वैद्यकसंस्थेने १९८६ साली एक सविस्तर अहवाल देऊन सुधारणेची मागणी केली. त्यानुसार पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८७ मध्ये, काँग्रेसने संमत केलेल्या सुधारणा कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी स्वाक्षरी केली. त्या काळी वृद्ध पडू नयेत यासाठी एक सोपा उपाय रूढ होता, तो म्हणजे त्यांना बांधून ठेवणे! खाटेला, खुर्चीला, पट्ट्यांनी आणि कमरपट्ट्यांनी. साधारणतः पाच रहिवाशांपैकी दोघे या ना त्या प्रकारे बांधलेले असत. बांधणाऱ्यांचा हेतू दुष्ट होता असे नव्हे. 'त्यांच्याच भल्यासाठी' असेच सांगितले जाई. परंतु येल विद्यापीठातील डॉ. मेरी टिनेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली दाखवून दिले की, बांधलेल्यांमध्ये गंभीर दुखापतींचे प्रमाण कमी नव्हते, उलट अधिकच होते. बांधलेला माणूस सुटण्याची धडपड करतो, आणि बांधून बांधून त्याचे पाय निकामी होतात, हे खरे तर सांगायलाही नको. नव्या कायद्याने बंधनांवर बंधन घातले आणि पुढील वर्षांत ते प्रमाण झपाट्याने उतरत गेले. ही त्या कायद्याची निर्विवाद कमाई होय.

बंधनाच्या जागी कायद्याने आणला तो आराखडा. गृहात प्रत्येक नवा माणूस आला की ४८ तासांत त्याच्या देखभालीचा प्राथमिक आराखडा झाला पाहिजे, १४ दिवसांत त्याची संपूर्ण तपासणी, आणि ती पुरी झाल्यावर ७ दिवसांत सविस्तर आराखडा. पुढे दर तीन महिन्यांनी फेरतपासणी आणि त्यानुसार दुरुस्ती. कायदा असे म्हणत नाही की, कोणी पडताच कामा नये. तो म्हणतो की, धोके शक्य तितके दूर केलेले असावेत, आणि ज्याला जेवढी देखरेख व साधने लागतात, तेवढी त्याला मिळालेली असावीत. माणूस पडला म्हणून गृह दोषी ठरत नाही. जे करायचे ठरले होते ते केले नाही आणि म्हणून तो पडला, तर ते दोषी ठरते. या भेदात न्याय आहे आणि व्यवहारही आहे.

चांगला आराखडा म्हणजे काय, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक बाई आहेत. स्मृती अधू झालेली, नजर मंद, रक्तदाबाची गोळी चालू. पहाटे लघवीला जाण्यासाठी त्या एकट्याच उठतात आणि उठताच रक्तदाब उतरून त्यांना भोवळ येते. त्यांचा आराखडा असा असावा: निजण्यापूर्वी आणि पहाटे त्या जाग्या होण्याआधी त्यांना शौचालयात नेऊन आणावे; खाट अगदी खालच्या उंचीवर ठेवावी; चष्मा, घंटा आणि चालण्याची चौकट हाताच्या अंतरावर असावी; उठवताना आधी मिनिटभर खाटेच्या कडेवर बसवावे; खुर्चीतून खाटेवर नेताना दोघींनी धरावे; झोपेच्या व रक्तदाबाच्या औषधांचा डॉक्टरांनी फेरविचार करावा. यांत कोणतेही अवघड शास्त्र नाही, कोणतेही महागडे यंत्र नाही. आहे ते एवढेच, की या विशिष्ट बाई केव्हा, कोठे आणि का पडतात, हे कोणीतरी लक्षपूर्वक पाहिलेले आहे.

आणि तो मोडतो कसा? आराखडा संगणकात असतो. रात्रपाळीला बाहेरच्या ठेक्यावर आलेल्या सेविकेला तो उघडून वाचायला कोणी सांगितलेले नसते, आणि सांगितले असते तरी वेळ नसतो. कागदावर दोघी लिहिलेल्या असतात, मजल्यावर एकटीच असते. घंटा वाजते तेव्हा ती तिसऱ्या खोलीत दुसऱ्या कोणाचे कपडे बदलत असते. बाई पाच मिनिटे वाट पाहतात, मग आयुष्यभर ज्या पायांवर विसंबल्या, त्यांवरच विसंबून उठतात. पडल्यावर चौकशी होते. आराखड्यात नवे वाक्य घातले जाते: 'मदतीसाठी घंटा वाजवावी, अशी बाईंना वारंवार आठवण करून द्यावी.' ज्यांना सकाळची न्याहारी दुपारी आठवत नाही, त्यांच्या आठवणीवर त्यांच्याच सुरक्षिततेची सारी भिस्त टाकून फाईल बंद होते! असली वाक्ये रहिवाशासाठी लिहिलेली नसतात. ती तपासनिसासाठी लिहिलेली असतात. आमच्या मते, या साऱ्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. न पाळलेला आराखडा हा आराखडा नसण्याहूनही वाईट, कारण तो सर्वांनाच निर्धास्त करतो. मुलांना वाटते, व्यवस्था आहे. सरकारला वाटते, कायदा पाळला जातो. व्यवस्थापकांना वाटते, आपली बाजू कागदावर भक्कम आहे. आधारावाचून राहते ती एकटी म्हातारी.

दोष सेविकेच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. अमेरिकेत या कामासाठी संघीय कायद्याने आवश्यक ठरविलेले किमान प्रशिक्षण अवघे ७५ तासांचे आहे. वेतन तुटपुंजे, काम कंबर मोडणारे, त्यामुळे माणसे टिकत नाहीत. आणि नवी सेविका आली की, कोणत्या बाईंचा तोल डावीकडे जातो, कोण पहाटे उठते, हे जुन्या सेविकेला ठाऊक असलेले सारे ज्ञान तिच्याबरोबरच दाराबाहेर गेलेले असते. म्हणूनच २०२४ साली तेथील सरकारने नियम केला की, दर रहिवाशामागे दररोज सरासरी ३.४८ तासांची शुश्रूषा मिळालीच पाहिजे, आणि प्रशिक्षित परिचारिका चोवीस तास गृहात हजर असलीच पाहिजे. गृहचालकांनी त्यास कडाडून विरोध केला. एवढी माणसे मिळत नाहीत, सरकारी दर परवडत नाहीत, खेड्यांतील गृहे बंद पडतील, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य मुळीच नव्हते असे नाही. परंतु ज्या देशातील सुमारे ७० टक्के शुश्रूषागृहे नफ्यासाठी चालविली जातात, तेथे पैसा नेमका कोठे जातो हे विचारण्याचा हक्कही जनतेला आहे. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला, आणि त्याच वर्षी जुलैत काँग्रेसने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखणारी तरतूद संमत केली. आराखडे सक्तीचे राहिले. ते पाळणारे हात मात्र ऐच्छिक झाले.

लपवाछपवीचा उगमही येथेच आहे. अमेरिकन सरकार २००८ पासून शुश्रूषागृहांना एक ते पाच तारे देते, आणि किती रहिवासी पडून जायबंदी झाले याचे आकडे लोकांच्या माहितीसाठी जाहीर करते. हेतू स्तुत्य. परंतु हे आकडे गृहांनी स्वतःच भरून द्यावयाचे असतात. परीक्षार्थीनेच आपले गुण लिहून द्यावेत, तसा हा प्रकार! महानिरीक्षकांना असेही आढळून आले की, पडण्याचे प्रमाण सर्वांत कमी दाखविणारी गृहेच नोंद दडविण्यात सर्वांत पुढे होती. म्हणजे आईसाठी चांगले घर शोधणारी मुलगी त्या आकड्यांवर विश्वास ठेवून नेमकी चुकीच्या दारात जाण्याचा संभव. आपल्याकडील म्हण सांगते की, म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. या ठिकाणी ती म्हण अर्धीच खरी आहे. म्हातारी पडल्याचे दुःख तर आहेच, आणि नोंद न करता निभावले म्हणून काळही सोकावतो आहे.

असे असताना, आराखडे हे थोतांडच आहे, असा निष्कर्ष कोणी काढील तर ती घोडचूक ठरेल. इंग्लंडमधील ८४ वृद्धनिवासांत, १,६५७ रहिवाशांवर केलेल्या एका काटेकोर चाचणीचे निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २०२१ साली प्रसिद्ध केले. निम्म्याअधिक निवासांत नेहमीचीच पद्धत ठेवली होती. उरलेल्यांत कर्मचाऱ्यांना शिकवून प्रत्येक रहिवाशाची पडण्याची कारणे एका तक्त्यावरून तपासण्याची आणि त्यांवर तत्काळ उपाय करण्याची पद्धत लावली. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत दुसऱ्या गटातील पडण्याचे प्रमाण पहिल्यापेक्षा ४३ टक्क्यांनी कमी आढळले. एके ठिकाणी ४३ टक्के घटना दडविल्या गेल्या, दुसऱ्या ठिकाणी ४३ टक्के घटना टळल्या. आकड्यांचा हा योगायोग सोडून देऊ, पण त्यांतील बोध सोडण्याजोगा नाही. दुसरी गोष्ट अशी की, हे सारे रहिवाशांचे हिंडणे-फिरणे कमी न करता साधले.

या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व आम्हांस विशेष वाटते. माणसाला पडू द्यायचे नसेल तर त्याला उठूच न देणे, हा मोह दोरी गेली तरी गेलेला नाही. आता पट्ट्यांऐवजी गुंगीची औषधे आहेत, ज्यांनी पडण्याचा धोका उलट वाढतो. खोल खुर्च्या आहेत, ज्यांतून उठताच येत नाही. 'बसा हो आजी, उठू नका' हा दिवसभराचा गोड धाक आहे. स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत जाणे हे अतिवृद्ध माणसाचे बहुधा शेवटचे स्वातंत्र्य असते. ते काढून घेऊन दिलेल्या सुरक्षिततेला कैद म्हणतात. खरा आराखडा चालणे थांबविण्यासाठी नसतो, चालणे शक्य व्हावे म्हणून असतो.

आता आपल्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ८.६ टक्के होते. गोव्यात ते ११.२ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहून बरेच अधिक होते. तरुण पिढी आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडात. आणि मागे मोठाल्या घरांत एकेकटी म्हातारी माणसे, हे चित्र आपल्या गावोगाव दिसते. बाल्कांवच्या उंच पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळलेले अंगण, न्हाणीतली ओली फरशी, यांत पाय घसरण्याला निमित्त फार लागत नाही. वृद्धाश्रमांची कल्पना गोमंतकाला नवी नाही. प्रोव्हेदोरियाचे आश्रम पोर्तुगीज अमदानीपासूनचे आहेत, आणि धार्मिक व सेवाभावी संस्थांनीही हे काम निष्ठेने केले आहे. परंतु निष्ठेला मोजमापाची जोड नसली, तर चांगले आश्रम आणि वाईट आश्रम यांतील फरक बाहेरच्या माणसाला कळणार कसा?

कायद्याची स्थिती पाहावी तर, मातापिता व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय असलेला आश्रम राज्य सरकार 'स्थापन करू शकेल' असे म्हटले. 'करील' असे म्हटले नाही. खाजगी वृद्धनिवासांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद करू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला, आणि २०२४ साली लोकसभा विसर्जित होताच विधेयक व्यपगत झाले. पाच वर्षांत ते संमत करण्यास संसदेला सवड झाली नाही.

ही ढिलाई निषेधार्ह आहे. तथापि तिचा एक फायदा करून घेता येईल. आपली पाटी अजून बरीचशी कोरी आहे, तेव्हा तीवर काय लिहावे हे नीट ठरविता येईल. अमेरिकेचे लांबलचक छापील तक्ते उचलून आणले, तर आपली नोकरशाही ते आनंदाने भरील. कागदी घोडे नाचविण्याच्या कलेत आपण कोणालाही हार जाणार नाही. घ्यायचा तो त्यामागचा अनुभव. सबब, राज्य सरकारने केंद्राची वाट न पाहता पुढील गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो.

पहिली, प्रत्येक वृद्धाश्रमाची सक्तीची नोंदणी व्हावी आणि दिवसा किती व रात्री किती माणसे कामावर असतात, हे दर्शनी भागी लिहिलेले असावे. आराखडा किती पानांचा आहे यापेक्षा पहाटे चार वाजता मजल्यावर कोण असते, हा प्रश्न महत्त्वाचा. दुसरी, आराखडा एका पानाचा, मराठी-कोकणीत किंवा सेविकेला वाचता येईल अशा भाषेत असावा, आणि तो कपाटात न राहता खाटेजवळ असावा. तो करताना प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्या सेविकेला आणि त्या वृद्धालाही विचारले जावे. तिसरी, प्रत्येक पडण्याची नोंद व्हावी. प्रामाणिक नोंदीबद्दल शिक्षा होऊ नये, मात्र दडवल्याबद्दल जबर शिक्षा व्हावी. या नोंदींचा ताळा सरकारी व खाजगी इस्पितळांच्या अस्थिविभागांतील नोंदींशी घातला जावा, म्हणजे परीक्षार्थी आणि परीक्षक एकच राहणार नाहीत. चौथी, सेविकांना प्रशिक्षण आणि पोटभर वेतन मिळावे. ज्या हाताला स्वतःच्या उद्याची शाश्वती नाही, तो हात दुसऱ्याला काय आधार देणार?

काही कर्तव्य मुलाबाळांचेही आहे. महिन्याचे पैसे पाठविले आणि सणाला फोन केला म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. आश्रमात गेल्यावर आईला 'कशी आहेस' एवढे विचारून उठू नये. घंटा हाताशी आहे का, पायात घट्ट बसणारी चप्पल आहे का, चष्मा कोठे आहे, गेल्या महिन्यात कितीदा पडलीस, हेही विचारावे. व्यवस्थापकांनी आराखडा दाखविला तर तो वाचावा, आणि मग सेविकेला बाजूला घेऊन त्यात काय लिहिले आहे ते तिच्याकडून ऐकावे. दोन्ही उत्तरे जुळली तर निश्चिंत व्हावे. न जुळली तर तेथेच बसून जाब विचारावा. असा जाब विचारणारे चार लोक एखाद्या आश्रमात नियमाने येऊ लागले, तर तेथील कागद आणि व्यवहार यांतले अंतर कोणत्याही तपासनिसाविना कमी होऊ लागेल.